बेदाण्यातला मोगरा

मार्च लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर द्राक्षांचे गाडे उभे राहतात. ऊन तापायला लागलेलं असतं, पण सकाळच्या वाऱ्यात अजून थोडा गारवा असतो. माणसं गाड्याभोवती घासाघीस करतात, एखादा मणी उचलून तोंडात टाकतात आणि आंबट आहे म्हणत पुन्हा एक उचलतात. मी रस्त्याच्या पलीकडून जातो. द्राक्षांशी माझं काही वाकडं नाही. तासगावकडचा माणूस मी, द्राक्षांवरच वाढलो. पण त्या गाड्यांपाशी गेलो की मला मोगऱ्याचा वास येतो. तिथं मोगरा नसतो हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी येतो.

फौजेतून सुभेदार होऊन सुटलो. मग इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर बारा वर्षं काढली. आता तेही संपलं. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. घरात दोन खोल्या जास्तीच्या झाल्या आहेत. त्यांची दारं मी उघडीच ठेवतो, कारण बंद दारासमोरून जाताना आत कुणीतरी आहे असं वाटत राहतं.

या वर्षी मी एक गोष्ट केली. राजवाड्याच्या अलीकडे एका बोळात कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, केसांच्या पिना, आणि मागच्या फळीवर सेंटच्या बाटल्या. साठी उलटलेला माणूस अशा दुकानात एकटा गेला की आधीच आलेल्या बायका जरा सरकून उभ्या राहतात. मी त्या जाईपर्यंत रिबिनी बघत बसलो. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय दाखवू काका?"

"सेंट. बायकांचं. पांढऱ्या फुलांचं पाहिजे."

"काकूंना?"

"हो," म्हणालो. ते खोटं नव्हतं.

त्यांनी चार बाटल्या मांडल्या आणि कागदाच्या पट्टीवर एकेक फवारा मारून दिला. मी नाकाशी धरून धरून गोंधळलो. त्या हसल्या. "कागदावर सगळेच चांगले वाटतात हो. अंगावर घेऊन बघा. आणि मनगट मनगटावर घासू नका, सगळेच घासतात."

"टिकतं किती?"

"चार तास. ह्या भावात चार तास लय झालं काका. कपड्यावर मारलं तर दोन दिवस राहतंय, पण डाग पडला तर मला बोलायचं नाही."

बेदाण्यावर मारलं तर वर्षभर टिकतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. स्वस्तातली एक बाटली घेतली. पांढरं झाकण, काचेवर उमटवलेलं एक फूल. कोणतं फूल ते ओळखू येत नाही, कळी मोगऱ्यासारखी आणि पाकळ्या निशिगंधासारख्या. त्या वेळची बाटली आता निघत नाही, ही तिच्या जवळपासची.

घरी येऊन मी ते मनगटावर मारलं आणि घड्याळ लावून बसलो. पहाऱ्याची सवय जन्माची. पहिली पाच मिनिटं नुसता स्पिरिटचा झणका येतो, इंजेक्शनच्या आधी नर्स कापूस फिरवते तसा. मग देठ खुडल्यावर येतो तो हिरवा, कडवट वास. पंधराव्या मिनिटाला मोगरा येतो आणि येतो तो घरभर होतो. त्याच्या मागून निशिगंध, जड, जरा डोकं धरणारा. या घटकेला माणसानं जिन्यात किंवा रिक्षात बसू नये. तासाभरानं ते सगळं शहाणं होतं. उरते ती जाईसारखी हलकी गोडी, हात हलवला तरच जाणवणारी. तिसऱ्या तासाला पावडरीचा वास, चौथ्याला नुकत्याच धुतलेल्या कपड्यांचा. मग मनगट पुन्हा म्हाताऱ्या माणसाचं मनगट होतं. दुकानातल्या बाईंचं घड्याळ बरोबर होतं.

पण हा शालनचा वास नव्हता. तिच्या मानेवर तो झणका असा सरळ आलाच नव्हता. तिथं आधीच घाम होता, द्राक्षाच्या चिकाची गोडी होती, बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीची पुसट उग्र रेघ होती. त्या सगळ्यातून मोगरा वर आला होता. मी तो जेमतेम दोन क्षण घेतला. एवढ्याशा दोन क्षणांवर मी पस्तीस वर्षं काढली, याचं मला आता नवल वाटतं.

बेदाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. घड तोडून, औषधाच्या पाण्यात बुचकळून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. एकावर एक अशा जाळ्यांच्या फळ्या असतात. दहा-पंधरा दिवस वाऱ्यावर ते घड वाळतात, सुरकुततात, हिरव्याचे पिवळे होतात. मग ते झाडून खाली पाडायचे आणि बायकांनी गोल बसून काड्या, काळे दाणे निवडायचे. इतकं सोपं. पण बेदाणा हा फार हावरा माल. जवळ जे असेल त्याचा वास ओढून घेतो. शेडमध्ये विडी नाही, कांदा नाही, रॉकेलचा डबा नाही. आमच्या आईची शिस्त तर फौजेच्या वर होती. उदबत्तीसुद्धा ती शेडच्या दारापासून वीस पावलांवर लावायची. निवडणीला येणाऱ्या बायकांनी वासाच्या साबणानं आंघोळ करून यायचं नाही. केसात गजरा असेल तर तो बाहेर काढून ठेवायचा. दाराबाहेरच्या चौकटीवर खिळ्यांची एक ओळ होती, खास त्यासाठी. सकाळी तिथं अबोलीचे, मोगऱ्याचे गजरे टांगलेले असायचे आणि संध्याकाळी ज्या त्या बाईनं आपापला सुकलेला गजरा काढून पुन्हा डोक्यात माळायचा. दिवसभर तो वाऱ्यानं हलायचा, बघायला कुणी नसायचं.

त्या वर्षी मला निवडणीच्या हंगामात सुट्टी मिळाली. लग्नाला दुसरं वर्ष. पहिल्या वर्षात आम्ही सगळे मिळून एकतीस दिवस एकत्र होतो, तेही भरल्या घरात. आई, थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, वैनी, त्यांची पोरं. नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. "ह्यांस्नी म्हणावं जेवायला बसा," असं ती वैनीला सांगायची आणि मी दोन हातांवर उभा असायचो. कॅन्टीनमधून येताना मी तिच्यासाठी सेंटची बाटली आणली. पहिल्या दिवशी संधी साधून ती तिच्या हातात कोंबली. तिनं झाकण न उघडताच वास घेतला आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवली.

"लाव की," मी म्हणालो.

"कुटं लावू? शेडात?" ती हसली. "तुमी परत जाशीला तवा लावीन. कुनाला कळायचं न्हाई."

म्हणजे मी नसताना. मला ते झोंबलं. बाटली मी आणली, आणि वास मी गेल्यावर. आठ दिवस मी ते मनात धरून ठेवलं. अठ्ठावीस वर्षांचा होतो, तेवढ्या वयात माणूस कशालाही धरून बसतो.

एका दुपारी सगळे जेवायला घरी गेले. शालन एकटी मागं थांबली होती, ढीग उघडा टाकून जायचं नाही म्हणून. मी डबा द्यायच्या निमित्तानं आलो. खिशात बाटली होती. ट्रंकेतून मीच काढून आणली होती. ती पाठमोरी बसलेली, मान खाली, बोटं दाण्यांतून चाललेली. शेडमध्ये हिरवं कापड लावलेलं, त्यामुळं आतलं ऊनही हिरवट होतं. मी वाकलो आणि तिच्या मानेवर दोन फवारे मारले.

ती केवढी दचकली. "आवं, बेदाना!"

मग तिनं जे केलं ते बेदाण्याच्या घरातली बाईच करेल. तिला वाटलं, फवारा ढिगावर पडेल. तिनं झटकन पदर ओढून ढिगावर पसरला आणि वरून दोन्ही हात ठेवले, लेकराला पावसापासून झाकावं तसे. ढीग वाचला असं तिला वाटलं, मलाही वाटलं. पण पदरावरच तर सगळा फवारा बसला होता. तो पदर दुपारच्या उन्हात, त्या उकाड्यात, कितीतरी वेळ बेदाण्यावर तसाच पडून राहिला. कारण ती हसायला लागली होती आणि मीही तिथंच फतकल मारून बसलो होतो. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढं बोललो तेवढं त्या घरात नंतर कधी बोललो नाही. काय बोललो ते आठवत नाही. तिच्या उजव्या भुवईत एक काडी अडकली होती, ती मी काढली, एवढं आठवतं.

तो ढीग संध्याकाळी पेट्यांत भरला गेला. आत प्लॅस्टिक, वर पट्टी. उघड्यावर कुणाला काही कळलं नव्हतं, पण बंद पेटीत वासाला दुसरं काही काम नसतं. चार दिवसांनी दादा माल घेऊन तासगावात सौद्याला गेला. व्यापाऱ्यानं पेटी फोडली, मूठभर बेदाणा नाकाशी नेला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "बेदाना आनलाय का गजरा?" सौद्यात हशा पिकला. त्या ढिगाच्या सात पेट्या तर परत आल्याच, पण बाकीच्या मालाकडेही लोक नाक मुरडून बघायला लागले. दादा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वर्षभराच्या मेहनतीला लोक हसले, हे त्याला जास्त लागलं होतं.

"कुनी शेंट मारलं व्हतं शेडात?" आईनं विचारलं.

आई उठली, सरळ शालनच्या ट्रंकेपाशी गेली आणि साड्यांखालून बाटली काढून सोप्याच्या मधोमध ठेवली. मीच ती परत जागेवर ठेवली होती, व्यवस्थित.

मी तेव्हा बुटांना पॉलिश करत होतो. निघायला अजून आठ दिवस होते, तरी करत होतो. शालननं माझ्याकडं एकदा पाहिलं. एकदाच. मी बुटाच्या टोकाकडं पाहिलं. त्यात माझं तोंड दिसण्याइतकं ते चकचकीत झालं होतं. माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं. मी मारलं. दोन शब्द. पण आईसमोर, थोरल्या भावासमोर, भरदुपारी बायकोच्या मानेवर सेंट उडवत होतो हे सांगायचं कसं? गावात दहा वर्षं पुरेल एवढी थट्टा झाली असती. मी मनाशी म्हणालो, आठ दिवसांत आपण जाऊ, हेही विसरतील.

"चुकलं माझं," शालन म्हणाली.

आईनं बाटली परसात नेऊन उकिरड्यावर ओतली. दोन दिवस आमचा उकिरडा गावातल्या कुठल्याही देवळापेक्षा चांगला घमघमत होता. शालनला शेडमध्ये पाय ठेवायची बंदी झाली. हंगाम संपेपर्यंत तिनं बाहेर हौदापाशी बसून क्रेट धुवायचे. मला मात्र, फौजी माणूस सुट्टीवर आलाय, म्हणून दारासमोरच्या वाऱ्याच्या जागी बसवलं जायचं. मी निवडणीत हातभार लावायचो, बायका चेष्टा करायच्या. आठ दिवस मी तिथं बसलो आणि आठ दिवस हौदाकडं पाठ करून बसलो.

जूनमध्ये, तिकडं वर बर्फात, मला घरून एक पार्सल आलं. कापडी पिशवी, शालनच्या हातचा बारीक टाका. उघडली आणि बंकरभर मोगरा झाला. त्या परत आलेल्या पेट्यांतला बेदाणा होता. बरोबर चिठ्ठी, दोनच ओळी. घरी संपत नाहीत. तुम्हीही खा.

शेजारच्या जवानानं मूठ भरली आणि थबकला. "यार, किशमिश में सेंट किसने मारा?"

"मैंने," मी म्हणालो.

लगेच. अडखळलोसुद्धा नाही. सगळी हकीकत सांगितली, वर थोडा मीठमसाला लावून. सगळे लोळून हसले, कुणी पाठीवर थाप मारली. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, जिथं शालनला ओळखणारं एक माणूस नव्हतं, तिथं मी फुशारकीनं कबूल केलं. याची लाज मला तेव्हा वाटली नाही. पुढं कधीतरी गेटवर बसल्या बसल्या वाटली आणि मग गेलीच नाही.

घरी ते बेदाणे वर्षभर संपले नाहीत. शिऱ्यात, खिरीत, सत्यनारायणाच्या प्रसादात, सगळीकडं मोगरा. पाहुणे म्हणायचे, काय वेगळंच लागतंय. मग हकीकत सांगितली जायची. हंगाम आला की पुन्हा सांगितली जायची, नव्या बायांना शिस्त कळावी म्हणून. आमच्या शालनसारखं करू नका. भावकीत तिला नावच पडलं, शेंटवाली. कुणी वाईट मनानं म्हणायचं नाही, हसून म्हणायचे, ती पण हसायची. मी दर सुट्टीत नवी बाटली आणायचो. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, आपल्याला सवय न्हाई," आणि कुणाच्यातरी लग्नात देऊन टाकायची. आम्ही त्या दुपारबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. साताऱ्यात आल्यावरसुद्धा शिरा करताना ती प्रत्येक बेदाणा आधी नाकाशी न्यायची. मी पेपराआडून बघायचो. मग तो पेपर तसाच हातात राहायचा.

ती गेली तेव्हा तेराव्याला गोड करायला वैनीच बसल्या. कढईत बेदाणे टाकताना त्यांचे डोळे भरले. "शेंटवाली गेली गं आमची," त्या बायकांना म्हणाल्या. सगळं आयुष्य तिनं त्या घरात काढलं, किती लोकांचं केलं, आणि मागं उरलं ते हे एक नाव, जे तिचं नव्हतंच. आई गेली, दादा गेला. त्या दिवशी सोप्यात जे होते त्यांतल्या आता वैनीच राहिल्यात. त्या गेल्या की खरं काय ते सांगितलं तरी ऐकणारंच कुणी नसेल. तीन वर्षं हे माझ्या मनात होतं. या मार्चमध्ये पोवई नाक्यावर गाडे लागले आणि मी ठरवलं.

सकाळच्या एसटीनं निघालो. बाटली खिशात. कराड मागं पडलं, विटा आलं, तशी उसाची हिरवाई पातळ होत गेली आणि खिडकीतून कोरडा वारा यायला लागला. तासगावात उतरून मी नळावर तोंड धुतलं आणि दोन्ही मनगटांवर, गळ्यावर फवारे मारले. शेजारचा माणूस जरा सरकला. शेडपर्यंत पोचायला अर्धा तास. म्हणजे मोगरा ऐन भरात असताना मी आत असणार. हिशेब करून मारलं होतं.

शेड आता मोठी झालीय, पत्रे नवे आहेत, पण निवडणी तशीच. गोल करून बायका. दाराच्या चौकटीवर खिळे आहेत, गजरा एकच टांगलेला होता, बाकी मोबाइलच्या पिशव्या. वैनी खुर्चीवर बसून सगळ्यांवर देखरेख करत होत्या, वय झालं तरी नाक आणि जीभ शाबूत. शेजारी त्यांची धाकटी सून, गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली.

"भावजी! कवा आलासा? बसा बसा. फोन तरी करायचा."

मी माझ्या जुन्या जागी, दारासमोर बसलो. पाणी आलं. वैनींना मला बघून शालन आठवली असणार. त्या सुनेकडं वळल्या. "ह्यांची मंडळी, आमची शालन. लय गुनाची. पर एकदा काय केलंन, शेंट मारून बसली निवडायला..."

"वैनी," मी म्हणालो, "ते शेंट तिनं मारलं नव्हतं. मी मारलं होतं."

निवडणाऱ्या बोटांचा आवाज थांबला. मी सगळं सांगितलं. दुपार, डबा, मान, पदर, ट्रंक, बूट. शाळेतल्या पोरासारखं पाठ केलेलं होतं. वैनी ऐकत राहिल्या. मग त्यांनी खुर्चीतून वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आवं भावजी, आता का झाकताय तिला? गेली बिचारी. कुनी राग धरलाय व्हय? आमी तर हसण्यावारी न्हेतो."

"झाकत नाही वैनी. खरंच मीच..."

"असू द्या, असू द्या." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तिनं सवताच्या तोंडानं कबूल केल्यालं मी ऐकलंय की."

सुनेचे डोळे पाणावले होते. ती शेजारच्या बाईच्या कानाशी लागली, पण मला ऐकू गेलं. "किती जीव हाय बघा तात्यांचा. अजून बाजू घेत्यात."

पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली, तर त्यातूनही माझंच चांगलं झालं. शालन होती तिथंच राहिली. इतकं एकटं मला तेराव्या दिवशीही वाटलं नव्हतं. हातानं उगाच दाणे चाळत राहिलो.

तेवढ्यात पडलेला वारा दारातून सुटला आणि वैनींचं नाक हललं. मग पुन्हा हललं. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला, आमच्या आईसारखा. "कुनी गं शेंट मारलंय?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सून स्वतःच्या पदराचा वास घेऊन बघायला लागली. तिचा चेहरा भीतीनं एवढासा झाला होता.

मी हात वर केला. मोगरा ऐन भरात होता. "मी."

वैनी माझ्या मनगटाशी वाकल्या, वास घेतला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. पण बेदाणा आधी.

"उठा भावजी. भाइर जावा. माल वास धरंल."

मी उठलो, दारातून बाहेर आलो आणि हौदापाशी गेलो. दगड तोच होता, मधे झिजून खोल झालेला. शेजारी क्रेटची थप्पी पडली होती. बाह्या वर करून मी बसलो आणि एक क्रेट पाण्यात बुडवला. कोपऱ्यातला चिकट गाळ बोटानं काढावा लागतो, ब्रश पोचत नाही. दुसरा घेतला. तिसरा ठेवताना मान वर केली आणि समोर बघितलं.

त्या दगडावरून शेडचं दार सरळ समोर दिसतं. दारातून आत, बायकांचा गोल, आणि बरोबर मधोमध दारासमोरची ती वाऱ्याची जागा. माझी जागा. ती आता रिकामी होती. पलीकडच्या बाईच्या बांगडीवरचं नक्षीकाम दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं. मी आठ दिवस तिथं बसलो होतो. ती आठ दिवस इथं. दुसरीकडं बघायचं म्हटलं तरी इथून दुसरं काही दिसत नाही. माझी पाठ, माझी मान, हसताना हलणारे माझे खांदे, सगळं तिनं पाहिलं होतं. एकदा वळून पाहील म्हणून किती वाट बघितली असेल.

मी धूत राहिलो. पाणी गार होतं, मनगटावरचा वास धुऊन चालला होता. आत पुन्हा बोलणं सुरू झालं, मग कुणीतरी हसलं. चहाची वेळ झाली. सून कपबशी घेऊन दारात आली आणि तिथूनच तिनं मागं वळून कुणालातरी विचारलं, "शेंटवाल्या तात्यांस्नी साखर चालती का गं?" आत मोठा हशा पिकला. वैनीही हसल्या. आपण काय बोललो ते कळून सुनेनं जीभ चावली.

"चालती की," मी मोठ्यानं ओ दिली. "शेंटवाल्याला समदं चालतं."

चहा तिथंच दगडावर बसून प्यायलो. शालन, तू हे ऐकायला हवं होतंस. चहा संपल्यावर मी बशी बाजूला ठेवली, तोंड दाराकडं केलं आणि पुढचा क्रेट ओढला.